ज्योत काय सांगते: चूल, गॅस आणि गोबरगॅस

मेणबत्ती फुंकून विझवली की वातीतून पांढरट धुराची एक बारीक रेघ वर चढते. त्या रेघेला वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून सरकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. काडी वातीला लागलेलीसुद्धा नसते. पावसाळ्यात वीज गेली की हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. खोलीत वारा नको आणि काडी झटकन न्यायला हवी, नाहीतर धूर विरून जातो.

तो धूर म्हणजे थिजत चाललेली मेणाची वाफ. मेण घट्ट असताना जळत नाही, वितळल्यावरही जळत नाही. वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते, ती हवेत मिसळते आणि मग पेट घेते. रॉकेलचं तेच, समईतल्या तेलाचं तेच आणि चुलीतल्या लाकडाचंही बरंचसं तेच. जिथे ज्योत दिसते तिथे जळत असतो तो वायू. हे नीट ध्यानात आलं की धुरकटणारी चूल, पिवळी पडलेली शेगडी आणि फडफडणारा गोबरगॅस यांची तपासणी एकाच रीतीने करता येते. जळणारा वायू किती येतोय, त्यात हवा कुठे आणि किती मिसळतेय, आणि ते दोन्ही भेटतात तिथे पुरेसा ताव आहे का, एवढंच बघायचं.

आधी चूल, कारण कोकणात जून ते सप्टेंबर सगळ्यात जास्त छळते ती तीच. लाकूड तापायला लागलं की प्रथम त्यातलं पाणी जातं. २०० अंश सेल्सियसच्या पुढे लाकूड आतून फुटायला लागतं, आणि २८० ते ४०० अंशांच्या दरम्यान त्यातून वायूंचा लोंढा सुटतो: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, मिथेनॉल, डांबराची वाफ. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी साधारण तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो, उरतो तो कोळसा. हे वायू तापलेल्या जागेत हवा मिळून जळले तर ज्योत, न जळता निसटले तर धूर. डोळ्यांत जाणारा धूर म्हणजे विकत घेतलेलं किंवा डोक्यावरून वाहून आणलेलं जळणच, फक्त न जळलेलं.

ओलं लाकूड का जळत नाही याचं नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. 'पाणी आटवण्यात उष्णता जाते' असं म्हणतात. जाते, पण हिशेब करून बघा. एक किलो ओल्या लाकडात निम्मं पाणी धरलं तर उरलेल्या अर्धा किलो लाकडात सुमारे ९ मेगाज्यूल उष्णता आहे, आणि अर्धा लिटर पाण्याची वाफ करायला सव्वा मेगाज्यूलच्या आसपास लागते. म्हणजे तोटा सात-आठवा हिस्सा. एवढ्याने चूल विझायला नको. खरं नुकसान वेगळंच आहे. वाफेच्या लोंढ्यामुळे ज्योतीच्या जागेचं तापमान उतरतं. लाकडातून निघणाऱ्या वायूंना आपल्याआप पेट घ्यायला ५०० ते ६०० अंश लागतात. कार्बन मोनॉक्साइडला तर ६००च्या वरच. जागा त्याखाली गेली की वायू येतच राहतात पण पेटत नाहीत. उष्णता निर्माण होत नाही म्हणून जागा आणखी थंड, आणि जागा थंड म्हणून आणखी धूर. ओल्या लाकडात सातव्या हिश्श्याच्या जागी निम्म्याहून जास्त उष्णता गमवावी लागते ती या चक्रामुळे.

म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करताना लाकडांकडे तांदूळ आणि सुक्या मासळीइतकंच लक्ष द्यावं. अकेशिया असो, काजू असो की आंब्याच्या फांद्या, ओंडके एप्रिलच्या आतच मनगटाएवढे फोडून घ्यावेत. लाकडाचं पाणी सालीतून फार हळू आणि कापलेल्या टोकांतून भराभर जातं, त्यामुळे तुकडा जितका आखूड तितका लवकर सुकतो. रचताना खाली चिरे घालून जमिनीपासून वीतभर उचलावं आणि थरांत बोटभर फट ठेवावी. एवढं केलं तरी पावसाळ्यातल्या ८५-९० टक्के आर्द्रतेच्या हवेत पडवीतलं कोरडं लाकूडही हळूहळू १८-२० टक्क्यांपर्यंत पाणी ओढून घेतं. ते थांबवता येत नाही. मात्र उद्याची लाकडं आज संध्याकाळी चुलीच्या मागे, विस्तवापासून हातभर दूर, उभी करून ठेवली तर सकाळी पहिल्या दहा मिनिटांत फरक कळतो.

फुंकणी कुठे मारायची हेही यातूनच ठरतं. निखाऱ्यावर फुंकलं तर निखारा पांढरा होतो, ताव वाढतो आणि वर तरंगणारा धूर एकदम 'भप्प' करून पेटतो. तीच फुंकर ज्योतीच्या शेंड्यावर मारली तर जळणारे वायू थंड होतात आणि धूर वाढतो. एकटं लाकूड पेटत नाही, कारण त्याची उष्णता चारी दिशांना जाते. दोन-तीन लाकडं बोटभर अंतराने ठेवली की ती एकमेकांना तापवत राहतात आणि मधल्या फटीत वायू आणि हवा दोन्ही गाठ घालतात. लाकडं कोंबून भरली तर वायू भरपूर आणि हवा तुटपुंजी, म्हणजे पुन्हा धूर. आणि राख! आठवडाभराची राख साठली की खालून येणारी हवा अडते. रोज सकाळी राख ओढून काढावी, दोन बोटांचा थर तेवढा ठेवावा म्हणजे निखारा टिकतो.

नारळाच्या जळणाचे तीन भाग तीन तऱ्हेने जळतात. चुडतं, म्हणजे सुक्या झावळ्या, पातळ असल्याने क्षणात वायू सोडतात, म्हणून ती फक्त पेटवणीला. करवंटी घट्ट असते, जोरदार लांब ज्योत देते आणि शेवटी चांगला कडक निखारा सोडते. पाणी तापवायच्या बंबाला ती उत्तम, पण एका वेळी चार-पाच तुकड्यांहून जास्त घातली तर वायू हवेच्या पुढे जातो आणि भांड्याला काजळी धरते. सोडण, म्हणजे नारळाचं तंतुमय साल, मात्र ज्योतीपेक्षा धुमसणंच पसंत करतं. ताव कमी असला की त्याचे तंतू ज्योत न धरता नुसते आतल्या आत लाल होत जातात, म्हणून डास पळवायला गोठ्यात सोडण ठेवतात. काजूच्या टरफलांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यातलं तेल कातडी भाजणारं आहे आणि त्याचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये ती जाळतात तिथे उंच चिमणी असते. घरच्या चुलीत ती घालू नयेत.

आता निखारा. वर म्हटलं की ज्योतीत वायू जळतो. निखाऱ्यात तसं नाही. तिथे कोळशाच्या पृष्ठभागावरच प्राणवायू येऊन चिकटतो आणि कोळसा झिजत जातो. ढिगाच्या आत प्राणवायू कमी पडतो, तिथे तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशाशी पुन्हा भिडतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हा वर येऊन हवेला भेटला की जळतो. भरल्या शेगडीच्या लाल निखाऱ्यांवर नाचणाऱ्या त्या लहान, निळ्या, जवळजवळ पारदर्शक ज्योती त्याच्याच. त्या दिसतात तोवर निदान काही वायू जळतोय. शेगडी मंदावली, निळ्या ज्योती गेल्या, निखारे नुसते लाल राहिले की कार्बन मोनॉक्साइड न जळता खोलीत येऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो.

हे तपशिलात लिहिण्याचं कारण बाळंतिणीची खोली. आपल्याकडे शेक-शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी देतात, आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. नेमकी मंदावलेली, धूर नसलेली, 'आता बरी झाली' म्हणून आत आणलेली शेगडी सगळ्यात घातक असते. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं बाळंतपणाच्या थकव्यात खपून जातात, आणि तान्हं बाळ तर सांगूच शकत नाही. शेक द्यायचाच असेल तर कपडा किंवा वीट बाहेर तापवून आत न्यावी. शेगडी आत नेलीच तर समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवाव्यात, कुणीतरी जागं असावं, आणि शेक झाला की शेगडी खोलीबाहेर न्यावी. खाटेखाली ठेवून झोपू नये. घरातल्या मोठ्यांना हे पटवून देणं अवघड जातं, तरी पटवावं.

गॅसच्या शेगडीकडे वळू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण दाबाखाली द्रवरूपात असतं. रेग्युलेटर तो दाब उतरवून चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅमवर, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतक्यावर आणतो. इतक्या कमी दाबाने गॅस जेटच्या सुईएवढ्या भोकातून सुसाट बाहेर पडतो आणि जाता जाता आजूबाजूची हवा मिक्सिंग ट्यूबमध्ये ओढून घेतो. एक भाग प्रोपेन पूर्ण जळायला २४ भाग हवा लागते, ब्यूटेनला ३१. त्यातली साधारण निम्मी हवा नळीतच मिसळते, उरलेली बर्नरच्या भोकांबाहेर ज्योतीला चहूबाजूंनी मिळते. आधी हवा मिसळून मग जाळायची ही रीत १८५५च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत रूढ झाली, आणि आजची प्रत्येक शेगडी तीच आहे.

चांगल्या ज्योतीत आत फिकट निळा, टोकदार, स्पष्ट कडेचा शंकू दिसतो आणि त्याभोवती जांभळट, अंधुक आवरण. आतला शंकू म्हणजे नळीतली हवा संपते ती जागा. बाहेरच्या आवरणात उरलेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन खोलीतली हवा घेऊन जळतात. शंकू मऊ, लांबट आणि पिवळ्या टोकाचा झाला तर नळीत हवा कमी पडतेय. पिवळा रंग कार्बनच्या बारीक कणांचा, तेच भांड्याला लागून काजळी होते. कारण बहुतेक वेळा मिक्सिंग ट्यूबच्या तोंडाशी असतं: कोळ्याचं जाळं, झुरळाची अंडी, तेलकट धूळ. शेगडी उलटी करून, नळीतून बारीक ब्रश फिरवला की काम होतं. जेट तुंबला तर त्यासाठी मिळणारी पिनच वापरावी. शिवणाच्या सुईने भोक रुंदावलं तर गॅस कायमचा जास्त येतो, आणि मग हवा कधीच पुरत नाही.

बर्नरची भोकं बुजण्याचं आपल्याकडचं मुख्य कारण पेज. पेज उतू गेली की पिठूळ पाणी भोकांत जाऊन जळून बसतं. अर्धी भोकं बंद झाली की उरलेल्या भोकांतून मिश्रण जास्त वेगाने येतं आणि ज्योत बर्नरवरून उचलली जाते, सूं आवाज करत थरथरते. बर्नर थंड झाल्यावर काढून, गरम पाण्यात थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायची पावडर टाकून अर्धा तास बुडवावा, तारेच्या ब्रशने घासावा, एकेक भोक पिनेने मोकळं करावं. मग उपडा ठेवून पूर्ण सुकू द्यावा. ओला बर्नर बसवला की ज्योत तडतडते आणि लोक पुन्हा शेगडी बिघडली समजतात.

उलट दोष म्हणजे ज्योत आत शिरणं. गॅस-हवेच्या मिश्रणात ज्योत साधारण सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते. भोकातून मिश्रण याहून वेगाने बाहेर येतं म्हणून ज्योत बाहेर राहते. गॅस एकदम बारीक केला आणि भोकं झिजून मोठी झालेली असली किंवा बर्नरची टोपी नीट बसलेली नसली की 'टप्' असा आवाज होऊन ज्योत नळीत जाते आणि जेटवर जळू लागते. आवाज घुमल्यासारखा येतो, बटण तापतं. लगेच बंद करावं, दोन-तीन मिनिटं थांबून टोपी नीट बसवून पुन्हा पेटवावं. भोकं लहान ठेवण्याचं कारणही हेच आहे: साधारण दोन मिलिमीटरच्या फटीत भोवतीचा धातू ज्योतीची उष्णता इतकी शोषतो की ती आत टिकू शकत नाही. खाणीतल्या दिव्याभोवती तारेची जाळी लावून हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१५मध्ये हाच गुण वापरला होता.

किनाऱ्यावरच्या घरांत एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. शेगडी स्वच्छ, जेट ठीक, तरी ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणग्या आणि पट्टे उठतात. पश्चिमेचा वारा असला की जास्त. हा सोडियमचा रंग. समुद्राच्या हवेत मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात, ते ज्योतीत गेले की ५८९ नॅनोमीटरचा सोनेरी-नारिंगी प्रकाश देतात. आमटी उतू गेली, सुक्या मासळीचं मीठ ओट्यावर सांडलं तरी तेच होतं. काजळीचा पिवळा आणि मिठाचा नारिंगी ओळखायला एक थंड स्टीलचा चमचा पुरतो. पिवळ्या भागात चार-पाच सेकंद धरायचा. पाठ काळी झाली तर हवा कमी पडतेय, शेगडी साफ करा. चमचा चकचकीत राहिला तर मीठ आहे, काही करायचं नाही.

त्याच चमच्यावर पहिल्या क्षणाला धुकं धरलेलंही दिसेल. थंड पाण्याचा टोप गॅसवर ठेवला की बुडाला थेंब जमतात आणि टोप गळतोय असं वाटतं. ते पाणी ज्योतीतलं आहे. गॅसमधला हायड्रोजन जळून पाणी होतो, किलोभर गॅसमागे सुमारे १.६ किलो. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत बावीस-तेवीस लिटर पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. पावसाळ्यात खिडक्या बंद असताना भिंतींना बुरशी धरते त्यात याचाही वाटा आहे.

खर्चाचा अंदाज सांगतो, तो सगळीकडे उपयोगी पडतो. एक लिटर पाणी २७ अंशांवरून उकळायला ३०६ किलोज्यूल लागतात. चांगली शेगडी गॅसच्या उष्णतेपैकी ६८ टक्के भांड्याला देते, म्हणजे सुमारे १० ग्रॅम गॅस. तीन दगडांच्या चुलीत दहा-पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोचतात. तेवढ्याच पाण्याला दीड-दोनशे ग्रॅम कोरडं लाकूड जातं, ओलं असेल तर त्याच्या दुप्पट आणि वर धूर.

गळतीचा हिशेबही असाच मांडून बघावा. हवेत एलपीजीचं प्रमाण साधारण १.८ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ते मिश्रण पेटतं. कमी असेल तर गॅस अपुरा, जास्त असेल तर हवा अपुरी. १० बाय १० फुटांच्या, १० फूट उंच खोलीत १.८ टक्के व्हायला किलोभर गॅस सांडावा लागेल. ऐकून निर्धास्त वाटतं. पण एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड. तो जमिनीलगत पसरतो. खालच्या एका फुटाच्या थरापुरता हिशेब केला तर शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरे, म्हणजे दहा लिटर पाणी उकळायला लागतो तेवढा. त्यात मर्कॅप्टनचा वास याच कारणासाठी घालतात, की पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यालाच नाकाला कळावं. मात्र उभ्या माणसाचं नाक पाच फुटांवर असतं. शंका आली तर वाकून वास घ्यावा.

वास आल्यावर रेग्युलेटर बंद, दार-खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण लावायचं नाही आणि लावलेलं बंदही करायचं नाही, पंखासुद्धा. गॅस दाराच्या उंबऱ्याशी अडतो, तो केरसुणीने किंवा पुठ्ठ्याने बाहेर ढकलावा. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावं. नळी दर पाच वर्षांनी बदलावी. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत नळीपेक्षा आधी तिच्या टोकाचे क्लिप गंजतात, तेव्हा ते दरवर्षी बघावेत. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावं. काडी लावून कधीही तपासू नये.

आंब्याच्या हंगामातल्या दोन वायूंचा उल्लेख इथेच करतो. कॅल्शियम कार्बाइड ओलाव्याला लागलं की ॲसिटिलीन निघतो, किलोमागे सुमारे ३०० लिटर, आणि तो हवेत अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटतो. फळं पिकवायला कार्बाइडला बंदी आहे ती त्यात मिसळलेल्या आर्सेनिक-फॉस्फरसच्या संयुगांमुळे, पण बंद कोठीत ओल्या पेट्यांशेजारी कार्बाइडच्या पुड्या असणं हा आगीचाही धोका आहे. इथिलीनने पिकवायला परवानगी आहे ती दहा लाखांत १०० भागांपर्यंत. इथिलीन पेटायला २.७ टक्के लागतो, म्हणजे त्याच्या २७० पट. नेमून दिलेल्या प्रमाणात वापरला तर खोली सुरक्षित आहे. अंदाजाने सिलिंडर उघडून ठेवणाऱ्याची नाही.

गोबरगॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड. कार्बन डायऑक्साइड जळत नाहीच, उलट ज्योतीची उष्णता खातो, त्यामुळे ज्योत सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या आसपासच सरकते आणि चटकन उचलली जाऊन विझते. शिवाय या गॅसची उष्णता घनमीटरला २१ मेगाज्यूलच्या आसपास, एलपीजीच्या पाचव्या हिश्श्याएवढी, आणि दाबही कमी, तरंगत्या टाकीच्या प्लांटमध्ये आठ-दहा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. हे सगळं एकत्र धरलं तर तितकीच आच मिळायला जेटचं क्षेत्रफळ सात पट, म्हणजे व्यास अडीच ते पावणेतीन पट लागतो. एलपीजीची शेगडी तशीच गोबरगॅसला जोडून 'गॅसला जोरच नाही' म्हणणाऱ्यांचा दोष प्लांटमध्ये नसतो, जेटमध्ये असतो. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूलाही एलपीजीपेक्षा मोठा जेट लागतो, पण इतका मोठा नाही.

दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी. कोकणातली गुरं लहान चणीची, आणि रानात चरायला जाणाऱ्यांचं निम्मं शेण रानातच राहतं, तेव्हा प्लांटचा आकार गुरांच्या संख्येवर न ठरवता आठवडाभर गोठ्यातलं शेण तोलून ठरवावा. पावसाळ्यात शेण मुळातच पातळ असतं, म्हणून पाणी कमी घालावं आणि शेण कालवायच्या टाकीवर झाकण ठेवावं. समुद्रालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ते पाणी प्लांटमध्ये घालू नये. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवतात आणि मिथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइड निघतो. खाडीतल्या खारफुटीच्या चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास येतो तो याचमुळे.

गॅस भरपूर पण ज्योत धरत नाही, असं झालं तर कार्बन डायऑक्साइड वाढलाय असं समजावं. नवीन प्लांटचा पहिला गॅस असाच असतो, त्यात हवाही मिसळलेली असते. तो उघड्यावर सोडून द्यावा आणि प्लांटच्या तोंडाशी काडी लावून कधीच बघू नये. जुन्या प्लांटमध्ये एकदम शिळा भात-पेज ओतली, गोठा धुतलेलं फिनेलचं पाणी गेलं, तर आतलं मिश्रण आंबट होतं आणि मिथेन घटतो. चार-पाच दिवस काही घालू नये, मग निम्म्याने सुरू करून आठवड्याभरात पूर्ववत करावं.

ज्योत फडफडते, मोठी-लहान होते, मधूनच विझते: पाइपात पाणी साठलंय. प्लांटमधून ३० अंशांवर निघालेल्या घनमीटरभर गॅसमध्ये ३० ग्रॅम वाफ असते. पावसाळी हवेत पाइप २४ अंशांना आला की त्यातली आठेक ग्रॅम थिजते. रोज दोन घनमीटर धरले तर महिन्याला अर्धा लिटर. म्हणून पाइपाला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार हवा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी. चिऱ्याच्या गडग्यावरून नेलेला पाइप मध्ये झोळ धरतो. त्या झोळातच पाणी अडतं. हायड्रोजन सल्फाइडने पितळी बर्नर काळा पडतो आणि लोखंडी टाकी आतून खाल्ली जाते, बाहेरून खारी हवा असतेच. गंजलेला लोखंडी कीस भरलेली नळी गॅसच्या वाटेत बसवली तर तो बराचसा शोषला जातो. आणि रिकाम्या केलेल्या प्लांटमध्ये उतरू नये. कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघणं तर इथे दोनदा चुकीचं: मिथेन उरला असेल तर स्फोट, आणि हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असतानाही मेणबत्ती छान जळत राहते. त्याचा वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो, म्हणून वास गेला याचा अर्थ वायू गेला असा होत नाही.

शेवटचा विषय मासेमारीच्या बोटींचा. ट्रॉलरवर खलाशांचं जेवण बहुतेक केबिनमध्येच एलपीजीवर होतं. घरात जड गॅसला उंबऱ्यावरून का होईना बाहेर जायला वाट असते. बोटीला खाली वाटच नसते, कारण खालची प्रत्येक फट पाण्यासाठी बुजवलेली असते. गळलेला गॅस फळ्यांखाली उतरतो, इंजिनाच्या खणात तळाला साठतो आणि बंदराला बांधलेल्या बोटीत रात्रभर तसाच राहतो. पहाटे इंजिन सुरू करतानाची एक ठिणगी त्याला पुरते. सिलिंडर केबिनबाहेर, डेकवर, उभा आणि बांधलेला असावा. शेगडी लाटेने हलणार नाही अशी पक्की बसवावी, कारण वाऱ्याने किंवा हेलकाव्याने विझलेली ज्योत पुन्हा पेटत नाही आणि गॅस मात्र वाहत राहतो. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडर बंद करावा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यावी, मग शेगडीचं बटण फिरवावं. आणि पहाटे चावी फिरवण्याआधी इंजिनच्या खणाची झाकणं उघडून, तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, स्वतः खाली वाकून वास घ्यावा, आणि दहा मिनिटं खण उघडा ठेवावा.